खाऱ्या पाण्यातलं घर बदलताना : एका मत्स्यालयाच्या स्थलांतरातून घेतलेला पाठ

इयत्ता : चौथी-पाचवी (जोडवर्ग)
विषय : परिसर अभ्यास, गणित
वेळ : पाच तासिका, एक शनिवार आणि नंतर रोजची दहा मिनिटं



आधीच सांगते, हा पाठ वाचून शाळेत खाऱ्या पाण्याचा फिशटँक आणायचा विचार करू नका. खर्च, वीज, देखभाल, सुट्ट्या, यातलं काहीच आपल्या शाळांना झेपण्यासारखं नाही. पण हा टँक आमच्या घरात होता, तो बदलायचाच होता, आणि त्यातून वर्गात जे घडलं ते तुमच्यापर्यंत पोचवावंसं वाटलं. यातले बरेचसे प्रयोग अंडं, बटाटा आणि मीठ एवढ्यावर होतात.

आम्ही पिरंगुटला राहतो. शाळा मुळशी तालुक्यातच, ताम्हिणीच्या रस्त्याला. माझ्या मिस्टरांना माशांचा नाद आहे. दिवाणखान्यात साठ सेंटिमीटर लांबीची काचेची टाकी, त्यात समुद्राचं पाणी (म्हणजे घरी बनवलेलं), दोन क्लाउनफिश, एक छोटा गोबी मासा, एक लाल-पांढऱ्या पट्ट्याची क्लीनर कोळंबी, शंखात राहणारे तीन खेकडे, काही गोगलगायी आणि दगडांवर वाढलेली मऊ प्रवाळं. क्लाउनफिश मोठे झाले, प्रवाळं एकमेकांवर चढायला लागली. मोठी टाकी घ्यायचं ठरलं.

आणि मला भीती वाटायला लागली. कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही असंच एकदा केलं होतं. जुनी टाकी गळायला लागली म्हणून घाईघाईने एका रात्रीत सगळं दुसऱ्या टाकीत ओतलं. वाळूसकट, गाळासकट. पाणी दुधासारखं पांढरट झालं, सडक्या अंड्यासारखा वास आला, आणि सकाळी दोन मासे तळाशी होते. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती दिवसभर काही बोलली नाही, संध्याकाळी फक्त विचारलं, "आपण त्यांना चांगल्या घरात नेत होतो ना?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोष मिठाला दिला. चूक मिठाची नव्हती, हे पुढे वाचून कळलं.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी सगळं समजून घ्यायचं, आणि वर्गालाही बरोबर घ्यायचं.

मीठ, अंडं आणि मुळशीचं पाणी

पहिल्या तासिकेला मी फलकावर एकच प्रश्न लिहिला : "मुळशीतला मासा समुद्रात राहू शकेल का?" अर्धा वर्ग हो म्हणाला, अर्धा नाही. एकाचं म्हणणं, "बाई, पाणी ते पाणीच." मग आम्ही पाण्याचा माग काढला. नकाशा घेतला. मुळशी धरणातलं पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात जातं, तिथून कुंडलिका नदीत आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्रात. पण पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, की तेच पाणी मुळा, मग मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. एका तळ्याचं पाणी दोन समुद्रांना! मुलांना हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर डी.एड. होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं, आणि मी याच तालुक्यातली.

तेव्हा साहजिक प्रश्न आला : आपलं गोड पाणी रोज समुद्रात जातं, तर समुद्र खारट कसा? उत्तर मी लगेच दिलं नाही. दोन सारख्या ताटल्यांत मिठाचं पाणी घेऊन वर्गाच्या खिडकीत ठेवलं. चार दिवसांनी तळाशी पांढरी खरड उरली. नद्या खडकांतले क्षार थोडे थोडे वाहून नेतात, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. पेण-उरणकडची मिठागरं ज्यांनी पाहिली होती त्यांनी लगेच ओळखलं. ही ताटली लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. हे मुलांना नुसतं सांगून काही होत नाही. वजनकाट्यावर 35 ग्रॅम मीठ मोजून एक लिटर पाण्यात विरघळवा आणि चव घ्यायला एकेक थेंब द्या. चेहरे बघण्यासारखे होतात! मग कच्चं अंडं सोडा. इथे एक गंमत झाली. समुद्राइतक्या खारट पाण्यात ताजं अंडं तरंगत नाही, बुडतंच. आम्हाला वाटलं होतं तरंगेल. मीठ वाढवत गेलो, तेव्हा शंभर ग्रॅमच्या पुढे कुठेतरी ते वर आलं. पुस्तकात "मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते" एवढंच असतं, किती मीठ ते नसतं. माझ्या मते खरा प्रयोग तिथे सुरू होतो.

माशाच्या शरीराचं काय होतं ते दाखवायला बटाट्याच्या दोन चकत्या पुरतात. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या. तासाभराने साध्या पाण्यातली कडक, मिठाच्या पाण्यातली लुळी. मिठाच्या पाण्याने बटाट्यातलं पाणी ओढून घेतलं. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणीही असंच बाहेर ओढलं जात असतं, म्हणून तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं उलटं, त्याच्या अंगात पाणी शिरत असतं, म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ लघवी पुष्कळ करतो. (हे वाक्य वर्गात म्हटल्यावर पाच मिनिटं पुढे जाता येत नाही, तेवढा वेळ धरा.) मग "पाणी ते पाणीच" म्हणणारा मुलगा स्वतःच म्हणाला, "बाई, मुळशीतला मासा बटाट्यासारखा होईल."

कोळंबी, गोगलगायी यांच्यात आतलं-बाहेरचं मीठ सांभाळायची ताकद माशांपेक्षा कमी. म्हणून खारटपणा अचानक बदलला तर मासा तग धरतो आणि कोळंबी जाते. हे आम्हाला शनिवारी उपयोगी पडणार होतं.

टाकीचं गणित

जुनी टाकी 60 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद, 45 सेंमी उंच. नवी 120, 45, 50. मुलांनी आधी अंदाज सांगितला : नवी टाकी दुप्पट. कारण लांबी दुप्पट! मग आम्ही पुठ्ठ्याचा 10 सेंमी बाजूचा खोका केला, एक लिटर म्हणजे एवढी जागा. जुनी टाकी 81 लिटर, नवी 270 लिटर, म्हणजे तिपटीहूनही जास्त. लांबी दुप्पट झाली की घनफळाचं काय होतं, हे मी फळ्यावर कितीही रंगवलं असतं तरी इतकं बसलं नसतं.

पण टाकी काठोकाठ भरत नाहीत, शिवाय आत दगड आणि वाळू जागा खातात. नव्या टाकीत प्रत्यक्ष पाणी धरलं 215 लिटर. जुन्या टाकीतलं वरचं स्वच्छ 45 लिटर पाणी वापरायचं. उरलं 170. शिवाय अडीअडचणीला 40 लिटर तयार ठेवायचं. एकूण 210 लिटर नवं पाणी. मत्स्यालयाचं मीठ लिटरमागे 38 ग्रॅम लागतं, कारण त्यात थोडा ओलावा धरलेला असतो. तर मीठ किती?

एका गटाचं उत्तर आलं 79 किलो 800 ग्रॅम. दुसऱ्याचं 7 किलो 980 ग्रॅम. मी काही बोलले नाही. 79 किलोवाल्या गटातली एक मुलगी स्वतःच उठली आणि म्हणाली, "बाई, माझे पप्पा पण एवढ्या वजनाचे नाहीत." दशांश चिन्ह जागेवर आलं.

स्वयंपाकातलं मीठ का नाही, हे मात्र सांगावं लागतं. समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच असतं, आणि गोगलगायींना शंख वाढवायला कॅल्शियम लागतं. मग दिवेआगरहून कॅन भरून आणावं का? एका पालकांनी खरोखर विचारलं, सुट्टीत ते जाणारच होते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, खाडीच्या तोंडाशी गोड पाणी मिसळलेलं असतं, बोटींचं तेल असतं. म्हणून नको म्हटलं. बोअरचं आणि नळाचं पाणीही आम्ही घेतलं नाही, आरओचं पाणी चार दिवस साठवलं. मीठ दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात आणि एका बादलीत आदल्या दिवशी विरघळवलं, पंप लावून रात्रभर फिरत ठेवलं. मासे असलेल्या टाकीत थेट मीठ टाकणं म्हणजे त्यांच्या कल्ल्यांवर मीठ चोळणं.

वजनाचंही बघा. 215 लिटर पाणी म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास, त्यात दगड, वाळू, काच. टाकी ठेवायचं टेबल आधी पाणसळ लावून सपाट केलं. पाणी भरल्यावर टेबल सरकवता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या वेळी काय चुकलं होतं

हा या पाठाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

मासे खातात, विष्ठा टाकतात, कल्ल्यांतूनही अमोनिया सोडतात. अमोनिया विषारी. टाकीत एक प्रकारचे जिवाणू असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी सोसवतं आणि पाणी बदलून काढता येतं. नवीन टाकीत हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी कितीही चकाचक दिसली तरी राहण्यालायक नसते.

आता प्रश्न. हे जिवाणू राहतात कुठे? मुलं म्हणाली पाण्यात. आम्हालाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं होतं, म्हणून जुनं पाणी थेंबन् थेंब जपलं आणि दगड मात्र उन्हात वाळत टाकून घासून घेतले! जिवाणू मुख्यतः चिकटून राहतात, दगडांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर. म्हणजे आम्ही घर बदलताना भांडीकुंडी नेली आणि माणसं मागे ठेवली.

दुसरी चूक वाळूची. जुन्या वाळूच्या खालच्या थरात हवा पोचत नाही, तिथे घाण साठते, काळे पट्टे दिसतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तोच. वाळू ढवळून ओतली की वर्षभराचं विष एका मिनिटात मोकळं. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू 8 च्या वर असतो आणि सामू जितका जास्त तितका अमोनिया जास्त घातक. गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढा कदाचित खपून जाईल तेवढा इथे खपत नाही.

हे सगळं मी मुलांना सांगितलं, आमच्या चुकीसकट. बाईंकडूनही मासे मेले, हे ऐकून वर्ग एकदम शांत झाला. मग एकाने विचारलं, "बाई, तुम्ही रडलात का?" हो म्हटलं.

"त्यांना विचारलं का?"

शनिवारच्या आधी एक तासिका अशी गेली, जी मी ठरवलीच नव्हती. मी "स्थलांतर" हा शब्द फळ्यावर लिहिला आणि एका मुलीने हात वर केला. तिच्या पणजोबांचं गाव धरणात गेलं. तिची आजी सांगते. आमच्या वर्गात अशी घरं बरीच आहेत. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तो याच धरणाविरुद्ध. ती मुलगी म्हणाली, "माशांना विचारलं का, जायचंय का म्हणून?" मी जे उत्तर दिलं ते फार चांगलं नव्हतं. म्हटलं, विचारता येत नाही, म्हणून जास्त काळजी घ्यायची. ती म्हणाली, "आमच्या पणजोबांना विचारता आलं असतं." पुढे तासिका मी त्या विषयावरच जाऊ दिली, फिशटँक बाजूला राहिला.

समुद्रातल्या जिवांचं स्थलांतर आपल्या राज्यातही झालेलं आहे, तेही सांगितलं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळं सापडली. मुंबईत प्रवाळ असतं हेच अनेकांना नवीन होतं. 2020 साली वनखात्याची परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने, अशा 18 वसाहती काढून दुसरीकडे बसवल्या. काही कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळच्या किनाऱ्यावर. परवानगी एवढ्यासाठी लागते, की वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 सालापासून दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे यांना वाघाच्याच बरोबरीने पहिल्या अनुसूचीत घातलेलं आहे. मालवणला स्नॉर्कलिंगला जाल तेव्हा मुलांना हे जरूर सांगा. तिथल्या समुद्राला 1987 साली अभयारण्य घोषित केलेलं आहे, आणि पोवळ्याचा तुकडा "आठवण म्हणून" खिशात घालणं हा गुन्हा आहे. आमच्या टाकीत दगडी सांगाडा बांधणारी प्रवाळं नाहीत आणि दगडही समुद्रातून उचललेले नाहीत, कोरडे आणून त्यावर जिवाणू वाढवलेले आहेत. कुणी स्वस्तात "जिवंत दगड" देऊ लागलं तर तो कुठून आला हे विचारायला मुलांना शिकवावं.

शनिवार

पालकांची लेखी संमती घेऊन सहा मुलं घरी आली. वर्ग चौदा जणांचा, पण दिवाणखाना तेवढा नाही. कामं वाटली : दोघं थर्मामीटरवर, दोघं वेळेच्या नोंदीवर, एक जण "काय कुठल्या बादलीत" याच्या यादीवर, आणि एकीकडे चित्रं काढायचं काम.

कुणीही पाण्यात हात घालायचा नाही, हा नियम. आमच्याकडे झोअँथस नावाची बटणासारखी प्रवाळं आहेत. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. मिस्टरांनी हातमोजे आणि चष्मा घातला होता. दगड कधीही उकळू नये, त्याची वाफ माणसांना बाधते. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढायचं नाही. आणि हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. खारं पाणी विजेला साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली वाट देतं.

क्रम असा होता. आधी वरचं स्वच्छ पाणी नळीने कॅनमध्ये. मग प्रवाळं, टाकीतल्याच पाण्याच्या टबात. मग दगड, तेही पाण्यात बुडवूनच. मासे सगळ्यांत शेवटी. मुलांना हे उलटं वाटलं, आधी मासे काढायला हवेत ना? पण दगडांच्या कपारीत लपलेला मासा जाळीने पकडायला गेलात तर तासभर जातो आणि मासा अर्धमेला होतो. दगड गेले, पाणी वीतभर उरलं, की दोन डब्यांच्या मधे तो आपोआप येतो. दोन्ही क्लाउनफिश तीन मिनिटांत सापडले. मोठी मादी, छोटा नर. यांच्यात सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला सर्वांत मोठा मादी होतो, हे ऐकून चित्र काढणारी मुलगी थांबली आणि तिने माशाला काढलेल्या मिशा खोडल्या.

गोबी काही दिसला नाही. टाकी रिकामी झाली, वाळू हलक्या हाताने चाळली, नाही. सगळे गप्प झाले.

तेवढ्यात थर्मामीटरवाल्यांनी आवाज दिला. नोव्हेंबरची सकाळ, खिडक्या उघड्या. माशांच्या बादलीतलं पाणी 26 अंशांवरून तासाभरात साडेतेवीसवर आलं होतं. आम्ही दोघं गोबी शोधण्यात गुंतलो होतो, आमच्या लक्षातच आलं नसतं. खिडक्या लावल्या, बादलीला गोधडी गुंडाळली, बॅटरीवरचा एअर पंप सोडला, वर झाकण. क्लाउनफिश उडी मारतो, झाकण नसेल तर फरशीवर सापडतो.

जुनी वाळू आम्ही फेकली. नवीन वाळू धुऊन घातली आणि जुन्या वाळूचा वरचा, स्वच्छ असा एक वाटीभर थर तेवढा पसरला. दगड रचले, जुनं 45 लिटर, नवीन 170. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन्ही पाण्यांचं विशिष्ट गुरुत्व 1.025 जुळलं, तापमान 26 ला आणलं, आणि मगच मासे सोडले. कोळंबीला मात्र बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, अशा गतीने नवं पाणी तासभर दिलं. बटाट्याची चकती आठवत होती ना! एक मुलगा त्या तासभर बादलीपाशी मांडी घालून बसला होता. शाळेत तो दहा मिनिटंही बसत नाही, हे त्याच्या आईला मी फोन करून सांगितलं.

तिसरा दिवस

रविवारी अमोनिया शून्य. सोमवारी 0.25. मंगळवारी तपासणीच्या नळीतलं पाणी हिरवट झालं, 0.5 मिलिग्रॅम. माझ्या पोटात गोळा आला. वर्गात आकडे रोज लिहायचे असं कबूल केलं होतं, म्हणून तोही लिहिला.

राखून ठेवलेलं 40 लिटर पाणी मंगळवारी रात्री बदललं. मुलांना विचारलं, आता अमोनिया किती होईल? बहुतेकांनी शून्य सांगितलं, पाणी बदललं म्हणजे संपलं. गणित केलं. 215 पैकी 40 म्हणजे पाचव्या भागाहून थोडं कमी. पाचवा भाग बदलला तर पाचवाच भाग कमी होणार. 0.5 चं 0.4. पाणी बदलून वेळ मिळतो, कारण तसंच राहतं. मग कारण काय?

पाचवीतला यादीवाला मुलगा वही घेऊन आला. त्याच्या यादीत शनिवारी सकाळी गोगलगायी सात होत्या, नव्या टाकीत सोडताना मात्र त्याने फक्त सहा मोजल्या होत्या आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्या प्रश्नचिन्हाकडे बघितलंच नव्हतं. घरी जाऊन मिस्टरांनी दगड हळूच उचलला. सातवी गोगलगाय दगडाला चिकटून आली होती, खाली चिरडली गेली होती, आणि तीच कुजत होती. ती काढली, माशांचं खाणं दोन दिवस बंद ठेवलं, गुरुवारी आणखी पाणी बदललं. शनिवारी अमोनिया शून्य.

मेलेली गोगलगाय लपवायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण यादी त्या मुलाची होती. वर्गात सांगितलं. त्याने यादीतल्या सातपुढचं प्रश्नचिन्ह खोडून "दगडाखाली" असं लिहिलं.

गोबी नवव्या दिवशी दिसला. एका दगडाच्या छिद्रात तो शनिवारपासून बसून होता, दगडाबरोबरच बादलीतून टाकीत आला होता. दगड वाळवायला बाहेर ठेवले असते, मागच्यासारखे, तर?

तुमच्या वर्गासाठी थोडं

दिव्याचं सांगायचं राहिलं. नव्या टाकीचा दिवा जास्त प्रखर आहे. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न बनवून त्यांना देतं. उजेड किंवा उष्णता एकदम वाढली की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. 1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली होती. आम्ही दिवा अर्ध्यावर ठेवून तीन आठवड्यांत हळूहळू वाढवला. उन्हाळ्याच्या सुट्टीतून आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी तास-दोन तास लेखन देणाऱ्यांनी हे वाचलं तर बरं, हा माझा टोमणा स्वतःलाच.

तुमच्याकडे काचेच्या बरणीत गप्पी असतील तर हाच पाठ त्यांच्यावर घेता येतो : बरणी बदलताना जुनं गवत, जुने खडे सोबत न्या, तापमान मोजा, यादी करा. फक्त वाढलेले मासे ओढ्यात किंवा धरणात सोडू नका. बाहेरचा मासा तिथल्या माशांचं खाणं आणि जागा घेतो. कुणी मागितले तर बरणीसकट द्या.

आणि ती ताटली. नव्या टाकीच्या काचेवर आम्ही पाण्याच्या पातळीची रेघ मारली आहे. वाफ होऊन पाणी रेघेखाली गेलं की भर घालायची. खाऱ्या पाण्याची की साध्या? पहिल्यांदा विचारलं तेव्हा नऊ जण खाऱ्या म्हणाले. मी खिडकीतली ताटली हातात दिली. मीठ कुठेच गेलेलं नाही, फक्त पाणी गेलंय. आता दर सोमवारी माझी मुलगी पातळी किती सेंटिमीटर उतरली ते चिठ्ठीवर लिहून देते आणि वर्ग हिशेब करतो : 120 गुणिले 45, एका सेंटिमीटरला 5 लिटर 400 मिलिलिटर, साधं पाणी. गेल्या सोमवारी दीड सेंटिमीटर होतं. उत्तर चौथीतल्या पोरांनी पाचवीच्या आधी काढलं.